सायकियाट्री वॉर्डात फिजिकल एक्झामिनेशन कसं करायचं: जेआर-१ (पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर) साठी स्टेप बाय स्टेप

मेंटल स्टेटस दोन पानं भरून लिहिलेलं असतं आणि फिजिकलच्या जागी एकच ओळ, 'पल्स ८०, बीपी १२०/८०, सिस्टिमिक एनएडी' (म्हणजे काही दोष आढळला नाही). बेड बदलला तरी ओळ तीच. हे आळसाने होतं असं मला वाटत नाही. इंटर्नशिप आणि पीजी यांच्या मधली वर्षं नीटच्या अभ्यासात गेलेली असतात, हाताची सवय गेलेली असते, पेशंट हात लावू देत नाही आणि कॅज्युअल्टीतून 'फिट फॉर सायकियाट्री' लिहून आलेलं असतं. पण मेनिंजायटिस, सबड्यूरल (कवटीखाली साचलेलं रक्त), थायरॉइड, औषधाचे साइड इफेक्ट हे सगळं याच एका ओळीखाली दबून राहतं. म्हणून क्रमाने लिहिलंय, आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात जसं शक्य आहे तसं. औषधांचे डोस आणि प्रोटोकॉल तुमच्या युनिटचे वापरा, इथे भर फक्त तपासण्यावर आहे.

१. आत जाण्याआधी

सामान एकाच डब्यात ठेवा आणि तो डबा सिस्टरांच्या कपाटात राहू द्या. बीपी अपरेटस (मोठा कफसुद्धा, जाड दंडावर लहान कफ लावला की बीपी उगाच जास्त येतं), थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, टॉर्च, हॅमर, १२८ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क, मेजर टेप, टंग डिप्रेसर, कापूस. ऑफ्थॅल्मोस्कोप मेडिसिनकडून मागून आणावा लागला तरी आणा.

अॅक्यूट वॉर्डात स्टेथो गळ्यात लटकवू नका, आयडी कार्डाची दोरी काढून खिशात टाका, हॅमर बेडवर ठेवून मागे वळू नका. दरवाजा तुमच्या बाजूला हवा, पेशंटच्या मागे नको. बाहेर एक मामा (वॉर्डबॉय) उभे असले तर बरं, पण पेशंटला घेरून चार जण उभे राहिले की तपासणी संपलीच म्हणून समजा.

मग पेपर वाचा. नर्सिंग चार्टमध्ये ताप, लघवी, संडास, जेवण, झोप. नातेवाइकांना 'कुठली औषधं चालू आहेत' असं विचारलं तर 'झोपेची गोळी' एवढंच उत्तर येतं, त्यापेक्षा पिशवी आणायला सांगा, रिकाम्या पट्ट्या, पुड्या, काढे, सगळं. लिथियमची पट्टी सापडली की पुढची सगळी तपासणी बदलते.

बाई पेशंट असेल आणि डॉक्टर पुरुष असेल तर सिस्टर किंवा मावशी सोबत हव्याच, आणि त्या होत्या हे पेपरवर लिहायचं. सासू किंवा नवरा सोबत उभा आहे म्हणजे झालं असं नाही, घरात मारहाण असेल तर तेच लोक समोर असताना ती पदर बाजूला करून वळ दाखवणार नाही.

चेक: सामान, पडदा, सोबत कोण, औषधांची पिशवी. या चारपैकी एक नसेल तर आधी ते करा.

२. हात लावण्याआधी नुसतं बघा

पेशंट वॉर्डात चालत येतो ती तुमची पहिली टेस्ट, आणि तीच बहुतेक जण चुकवतात कारण आपण तेव्हा फाइल लिहीत असतो. हात हलतात का, पावलं घासतात का, वळताना तोल जातो का, पाय फाकवून चालतो का, एका बाजूचा पाय ओढतो का. नंतर बसल्यावर गुडघे सतत हलतात का, पापण्या किती वेळा मिटतात, तोंडातल्या तोंडात जीभ वळवळते का, श्वास मोजा, घाम बघा.

पेशंट अजिबात हात लावू देणार नसला तरी एवढं तर मिळतंच, म्हणून 'पेशंट अनकोऑपरेटिव्ह, एक्झामिनेशन नॉट डन' ही ओळ कधीच पूर्ण खरी नसते. जे बघितलं ते लिहा, जे राहिलं ते लिहा आणि परत कधी करणार त्याची वेळ लिहा.

३. व्हायटल्स स्वतःच्या हाताने

चार्टवरचे आकडे उतरवू नका. पल्स पूर्ण एक मिनिट मोजा, श्वास पेशंटच्या नकळत मोजा. टेंपरेचर थर्मामीटरने, कपाळाला हात लावून नाही. शुगर प्रत्येक गोंधळलेल्या, झोपाळू किंवा अचानक आक्रमक झालेल्या पेशंटची, अपवाद न करता.

पोश्चरल बीपी हे सायकियाट्रीतलं सगळ्यात दुर्लक्षित व्हायटल आहे. क्लोझापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ट्रायसायक्लिक, वय झालेलं माणूस, यातलं काहीही असलं की करायचं. आधी पाच मिनिटं झोपवून घ्या, मग उभं करून १ मिनिटाला आणि ३ मिनिटांना बघा. सिस्टोलिक २० किंवा डायस्टोलिक १० ने खाली आलं तर पॉझिटिव्ह. आजी उभ्या राहणार असतील तर मावशींना शेजारी उभं करा, टेस्ट करतानाच पडल्या असं नको.

वजन, उंची आणि कंबर अॅडमिशनच्याच दिवशी. ओलांझापिन सुरू करून तीन महिन्यांनी मोजलं तर तुलना कशाशी करणार? कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, कपड्यावरून नाही. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर धोका धरतात, आणि बीएमआय २३ पासूनच जास्त.

सावधान: ताप + अँटिसायकोटिक हे कॉम्बिनेशन दिसलं की थांबा आणि थेट टप्पा ८ ला जा.

४. डिलिरियम आहे का ते आधी ठरवा

डिलिरियम म्हणजे शारीरिक कारणाने अचानक आलेला, कमी-जास्त होणारा गोंधळ. सायकोसिसच्या प्रश्नांवर जायच्या आधी अटेन्शन बघा. शिकलेल्याला महिने उलटे म्हणायला सांगा, न शिकलेल्याला वार उलटे, 'रविवारपासून मागे मागे या', किंवा वीसपासून खाली एकपर्यंत. सकाळी नीट बोलत होता, संध्याकाळी भिंतीवर किडे दिसतात, अंथरूण चाचपडतोय, तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते डिलिरियम समजायचं.

पहिलाच एपिसोड आणि वय ४५ च्या वर, काही तासांत किंवा दिवसांत सुरुवात, डोकेदुखी, उलटी, ताप, फिट (झटका), डोक्याला मार, किंवा नुसतं दिसण्याचे भास: यातलं काहीही असेल तर मान वाकवून नेक स्टिफनेस बघा आणि ऑफ्थॅल्मोस्कोपने फंडस (डोळ्याचा आतला पडदा) बघा. आठवडाभर बारीक ताप, चिडचिड, मग 'वेड्यासारखं बोलतोय' म्हणून आणलेला तरुण, टीबी मेनिंजायटिस असू शकतो, त्याला डोळा बाहेरच्या बाजूला पूर्ण वळवता येतो का ते मुद्दाम बघा. पावसाळ्यात कोकणातून ताप आणि बडबड घेऊन आलेला पेशंट मलेरिया, लेप्टो बघितल्याशिवाय सायकियाट्रीत ठेवू नका.

५. परवानगी घ्या, मग डोक्यापासून पायापर्यंत

संशय असलेल्या पेशंटला अचानक स्पर्श म्हणजे हल्ला. प्रत्येक वेळी आधी सांगा: 'काका, आता मनगट धरतो, नाडी बघायला.' 'ताई, डोळ्यात टॉर्च मारणार आहे, दोनच सेकंद.' हातापासून सुरू करा, चेहरा आणि पोट नंतर. तपासण्यातून विश्वास वाढतो, कधी कधी तासभर गप्प बसलेला पेशंट बीपी घेताना बोलायला लागतो.

मुद्दाम शोधायच्या गोष्टी: डोळे पिवळे आहेत का, पापणी आतून फिकट आहे का, गळ्यात थायरॉइड (पाणी गिळायला सांगून), पसरलेल्या बोटांची थरथर, जिभेवर चावल्याची खूण, हातावर ब्लेडचे जुने-नवे वण, शिरेवर सुईच्या खुणा. तरुण पेशंट, थरथर, बोलणं जड, वागणं बदललेलं, तर बुबुळाच्या कडेला तपकिरी रिंग आहे का बघा आणि स्लिट लॅम्पला पाठवा, विल्सन डिसीज असू शकतो.

मनगटं आणि घोटे उघडून बघायचेच, दोरीने किंवा साखळीने बांधून ठेवल्याचे वळ तिथे असतात. पाठीवर, पोटावर चटके दिल्याच्या खुणा असतील तर भगताकडे नेलं होतं का ते शांतपणे, न चिडता विचारा. जखमेची जागा, आकार, रंग लिहा आणि एमएलसीचं (मेडिको-लीगल केस नोंदवायची का ते) वरिष्ठांना विचारा. पेशंट दारू पिणारा असेल तर डोक्याच्या केसांतून बोटं फिरवून टेंगूळ शोधा, पडल्याचं त्याला आठवत नसतं.

६. न्यूरो: थोडक्यात पण पूर्ण

रोजच्यासाठी एवढं पुरतं: प्युपिल, डोळ्यांच्या हालचाली सगळ्या दिशांना, चेहरा, हात पुढे धरून तळवे वर (एक हात हळूहळू खाली वळतोय का), टोन, रिफ्लेक्स, प्लांटर (तळपाय घासल्यावर अंगठा वर जातो का), बोट-नाक, चालणं, सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालणं, रॉम्बर्ग (पाय जुळवून, डोळे मिटून तोल जातो का). प्युपिल बारीक असतील तर ओपिऑइड किंवा ऑर्गनोफॉस्फरस, मोठे असतील तर अँटिकोलिनर्जिक, धतुरा, ओपिऑइड विड्रॉल. अँकल जर्क उशिरा सैल होत असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्त तपासणी). शाकाहारी पेशंट, पायाला व्हायब्रेशन कळत नाही, विसरभोळेपणा, तर बी-१२.

चूक इथे अशी होते की लोक दोन हात-पाय हलवून 'नो फोकल डेफिसिट' लिहितात आणि पेशंटला बेडवरून उतरवतच नाहीत. चालवल्याशिवाय न्यूरो झालं असं लिहू नका.

फंक्शनल वीकनेस (नसांना, मेंदूला इजा नसताना आलेली कमजोरी) वाटत असेल तर हूव्हर साइन शिकून घ्या. कमजोर पायाची टाच खाली दाबायला सांगा, जोर लागत नाही. आता चांगला पाय तुमच्या हाताविरुद्ध वर उचलायला सांगा, त्याच वेळी कमजोर टाचेखालच्या तुमच्या हाताला जोर जाणवतो. हे पेशंटला पकडण्यासाठी नाही, उलट 'बघा, पायात ताकद आहे, मेंदूचा सिग्नल अडतोय' असं त्यालाच दाखवून सांगता येतं. आणि चिमटे काढणं, छातीवर जोरात घासणं, अमोनिया हुंगवणं हे कुणी करताना दिसलं तरी तुम्ही करू नका, त्यातून निदान होत नाही.

७. औषधांमुळे होणाऱ्या हालचाली

हा आपल्या शाखेचा स्वतःचा भाग आहे, मेडिसिनवाले तो आपल्यासाठी करणार नाहीत. अँटिसायकोटिक सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर ठरावीक अंतराने. आधीचं नसेल तर नंतर दिसलेली हालचाल जुनी की नवी ते सांगता येत नाही.

रिजिडिटी (स्नायूंचा ताठरपणा): कोपर आणि मनगट हळू हलवा, 'हात सैल सोडा, सगळं वजन माझ्यावर टाका'. हलवता हलवता दुसऱ्या हाताची मूठ उघड-बंद करायला सांगा, लपलेली रिजिडिटी तेव्हा हाताला लागते. झटक्यात हलवलं तर काहीच कळत नाही.

अकथिसिया (औषधामुळे आतून येणारी अस्वस्थता): बसवून किमान दोन मिनिटं, उभं करून किमान दोन मिनिटं, साध्या गप्पा मारत बघा. मग विचारा, 'आतून चैन पडत नाही का, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही का?' याला अॅजिटेशन समजून डोस वाढवला की अकथिसिया आणखी वाढतो आणि पेशंट जिवाचं काही करून घेऊ शकतो. येरझाऱ्या दिसल्या की डोस वाढवण्याआधी हा प्रश्न, दर वेळी.

टार्डिव्ह (बराच काळ औषध घेतल्यावर तोंडाच्या, हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली): एम्स (AIMS, या हालचाली मोजायचं) स्केलच्या क्रमाने करा. मूळ स्केलमध्ये पेशंटच्या तोंडात च्युइंग गम किंवा कँडी आहे का ते विचारतात, आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्री विचारायचं आणि चूळ भरायला लावायची, नाहीतर गालाची हालचाल कशाची तेच कळणार नाही. कवळी आहे का, सैल आहे का. मग बूट-चपला काढून, हात गुडघ्यावर, पाय जमिनीवर. नंतर हात गुडघ्यांच्या मधे लोंबकळत. तोंड उघडून जीभ आतच ठेवून बघा, दोनदा. जीभ बाहेर, दोनदा. मग अंगठ्याला एकेक बोट भराभर लावायला सांगा, १० ते १५ सेकंद, आणि त्या वेळी बोटांकडे नाही, चेहऱ्याकडे आणि पायांकडे बघा. मग उभं करून, हात पुढे, आणि चालवून. गुटख्याने तोंड दोन बोटंच उघडत असेल तर तसं लिहा, जिभेचा स्कोअर अंदाजाने टाकू नका. (आणि त्या तोंडात पांढरे चट्टे, न भरणारी जखम दिसली तर डेंटल किंवा ईएनटीला पाठवा.)

डिस्टोनिया (स्नायू अचानक आवळणं): हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर मान वळली, डोळे वर गेले, जीभ जाड झाली. नातेवाईक म्हणतात अंगात आलं, आपले काही लोक म्हणतात नाटक. आधी श्वासाचा आवाज ऐका, घरघर किंवा शिट्टीसारखा येत असेल तर घसा आवळतोय, तिथे एक मिनिटही थांबायचं नाही, वरिष्ठ आणि अॅनेस्थेशिया दोघांना बोलवा.

चेक: पेशंटला आधीच लोराझेपाम किंवा फेनर्गन दिलं असेल तर टोन आणि चालणं आज ग्राह्य धरू नका. इंजेक्शन किती वाजता दिलं ते लिहा, उद्या परत करा. झोपवलेल्या पेशंटचं श्वास, सॅच्युरेशन, बीपी, प्युपिल, मान, जखमा एवढं बघा, जे शुद्धीवर विचारून करायचं ते तेव्हाच.

८. कॅटॅटोनिया आणि ताप

गप्प, न जेवणारा, एकटक बघणारा पेशंट आला की नुसतं 'म्यूट' लिहून थांबू नका, कॅटॅटोनिया (हालचाल आणि बोलणं थिजून जाणं) आहे का बघा. बुश-फ्रान्सिस स्केलची ठरलेली तपासणी आहे, आणि क्रम मोडला की सापडत नाही. आधी गप्पा मारायचा प्रयत्न करत बघा. स्वतःचं डोकं मोठ्याने खाजवल्यासारखं करा, तोही करतो का. हात सैल सोडायला सांगून कधी हलक्या, कधी जास्त जोराने हलवा, तुमच्या जोराइतकाच विरोध येतो का. हात एखाद्या स्थितीत ठेवून सोडा. मग 'हात वर जाऊ देऊ नका' असं सांगून एका बोटाने हळूच उचला, तरी हात वर आला तर ते मिटगेहेन. स्वतःचा हात पुढे करून म्हणा 'माझ्याशी हात मिळवू नका', तो अडखळतो का. खिशात हात घालून 'जीभ काढा, सुई टोचणार आहे', तरी काढतो का (सुई काढायचीही नाही, टोचायचीही नाही). तळहातावर बोट ठेवून ग्रास्प रिफ्लेक्स. पहिल्या १४ मुद्द्यांपैकी दोन किंवा जास्त असतील तर स्क्रीनिंग पॉझिटिव्ह.

लोराझेपाम द्यायच्या आधी स्कोअर आणि नंतर परत स्कोअर, तेही आकड्यात. 'थोडं बरं वाटतंय' याने दुसऱ्या दिवशी राउंडला काही ठरवता येत नाही. आणि कॅटॅटोनियाच्या पेशंटचं पोट चाचपा, मूत्राशय भरलेलं असू शकतं, पोटऱ्या बघा डीव्हीटीसाठी (शिरेतली रक्ताची गाठ), पाठ वळवून बेडसोर बघा, जीभ कोरडी आहे का बघा.

आता ताप. अँटिसायकोटिकवरचा पेशंट, ताप, अंग लोखंडासारखं कडक, घाम, बीपी वर-खाली, शुद्ध कमी, तर एनएमएस (न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम, अँटिसायकोटिकची जीवघेणी रिअॅक्शन) धरा, औषध थांबवा, सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्त तपासणी) पाठवा, मेडिसिन किंवा आयसीयूशी बोला. सीपीके वाढण्यासाठी वारंवार इंजेक्शन आणि बांधून ठेवणंही पुरतं, म्हणून रिपोर्टपेक्षा टोन महत्त्वाचा, तो दर काही तासांनी स्वतः बघा. एसएसआरआय (डिप्रेशनची औषधं) किंवा ट्रॅमाडॉल चालू असेल तर घोटा झटक्यात वर करून धरून ठेवा, क्लोनस (पाऊल आपोआप फडफडणं), वाढलेले रिफ्लेक्स, मोठे प्युपिल, जुलाब हे सेरोटोनिन सिंड्रोमकडे नेतं, एनएमएसमध्ये क्लोनस सहसा नसतो. मे महिन्यात विदर्भात हीटस्ट्रोकसुद्धा डोक्यात ठेवा, ट्रायहेक्सीफेनिडिलने घाम कमी येतो, कातडी गरम आणि कोरडी असते, अंग सहसा कडक नसतं.

९. दारू, विष आणि 'मेडिकली फिट' म्हणून आलेले पेशंट

दारूच्या पेशंटला 'शेवटची कधी घेतली' ते तासांत विचारा. फिट साधारण ६ ते ४८ तासांत येते, डिलिरियम ट्रेमेन्स दोन ते चार दिवसांनी, म्हणजे अॅडमिशनला शांत दिसला म्हणून सुटलो असं नाही. हात पुढे, बोटं पसरून थरथर, घाम, अटेन्शन. सिवा (CIWA, दारू बंद झाल्यावरची लक्षणं मोजायचं) स्केलच्या स्कोअरमध्ये पल्स-बीपी येत नाहीत, ते वेगळे लिहा. प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर पल्स फसवते. डोळे बाजूला नेताना नायस्टॅग्मस (बुबुळांची थरथर), चालताना तोल, गोंधळ, यातलं एक असलं तरी वर्निके (थायमिन कमी पडून मेंदूला होणारी इजा) धरून थायमिन, आणि ग्लुकोजच्या आधी. मात्र शुगर खरोखर खाली असेल तर ग्लुकोज थांबवून ठेवू नका, दोन्ही सोबत.

विष घेतलेला पेशंट मेडिसिनकडून ट्रान्सफर होतो तेव्हाची तपासणी फार महत्त्वाची आणि फार कमी केली जाते. कीटकनाशक, म्हणजे ऑर्गनोफॉस्फरस असेल तर एक ते चार दिवसांत इंटरमिजिएट सिंड्रोम (मानेचे आणि श्वासाचे स्नायू कमजोर पडणं) येऊ शकतो, आणि त्याची पहिली खूण म्हणजे झोपलेल्या पेशंटला उशीवरून मान उचलता येत नाही. मान उचलायला सांगा, एका श्वासात आकडे मोजायला सांगा. नाही जमलं तर ट्रान्सफर घेऊ नका, मेडिसिनच्या ऑन कॉलला बेडवर बोलवून दाखवा. उंदीर मारायची पेस्ट खाल्लेला पेशंट पहिले एक-दोन दिवस एकदम ठीक दिसतो आणि नंतर लिव्हर जातं, त्यामुळे डोळे रोज बघा, पीटी-आयएनआर आणि एलएफटी (रक्त गोठण्याची आणि लिव्हरची तपासणी) परत परत. पॅराक्वाट (तणनाशक) असेल तर तोंडात फोड, नंतर लघवी कमी, दम. या पेशंटशी आत्महत्येबद्दल बोलायचं आहेच, पण आधी तो जगायला हवा.

१०. औषध चालू असताना परत परत

लिथियम: बारीक थरथर चालते, पण मोठी थरथर, जड जीभ, तोल जाणं, उलटी-जुलाब म्हणजे टॉक्सिसिटी, लेव्हल येईपर्यंत वाट बघू नका, पुढचा डोस थांबवून वरिष्ठांना कळवा. रुटीन लेव्हल मात्र शेवटच्या डोसनंतर १२ तासांनीच. क्लोझापिन: पहिले काही आठवडे पल्स आणि टेंपरेचर रोज, छातीत दुखणं आणि दम विचारा, आणि संडास रोज विचारा, पोट फुगलंय का चाचपा, क्लोझापिनच्या बद्धकोष्ठतेने आतडं बंद पडून माणसं गेली आहेत. बिडी ओढणारा पेशंट वॉर्डात आल्यावर बिडी बंद होते आणि क्लोझापिनची लेव्हल वाढते, त्या आठवड्यात गुंगी आणि लाळ जास्त दिसली तर कारण हे असू शकतं. हे धुरामुळे होतं, तंबाखू चघळणाऱ्याला लागू नाही.

लिहिताना 'एनएडी' हे अक्षर वापरायचंच असेल तर फक्त ज्या सिस्टिमला हात लावला त्याच्यापुढे. राहिलेलं वेगळ्या ओळीत: 'फंडस राहिला, पेशंटने टॉर्च लावू दिला नाही, उद्या सकाळी १० ला परत'. ती ओळ रात्रीच्या हँडओव्हरमध्ये तोंडी सांगा, ऑन कॉलवाल्याच्या वहीत लिहा, आणि सकाळी राउंडच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन करा.